कोणती बोट बरी?

म्हसावद, शहादा, धडगावचा घाट आणि घाटापलीकडचे पाडे, जिथं जिथं हा आवाज पोचतोय तिथल्या ताया, मावश्या, आज्या, सगळ्यांना नमस्कार. दुपारची वेळ आहे. कुणी मिरच्यांची देठं काढत असाल, कुणी लेकराला झोपवत असाल. हातातलं काम चालू द्या, कान फक्त इकडे ठेवा.

मी बचत गटांची समन्वयक. दर महिन्याला आमची संघाची बैठक होते. मागच्या बैठकीत हप्ते, कर्जं, सगळं आटोपल्यावर सहलीचा विषय निघाला. महालक्ष्मी सरसला आपल्या गटांचा स्टॉल मुंबईत लागतो, आमचूर, मिरची पावडर, भगर, मोहाचे लाडू घेऊन बाया जातात. पंधरवडाभर स्टॉलवर उभं राहायचं आणि समुद्र न बघताच परत यायचं. यंदा बायांनी ठरवलं की एक दिवस जास्त राहायचं आणि बोटीनं अलिबागला जाऊन यायचं. एकीनं तर मोबाईलवर मुंबईहून गोव्याला जाणारं मोठं क्रूझ जहाज दाखवलं. त्यात पोहायचा तलाव, नाचगाणं, सगळं. म्हटलं बाई, ते आपल्या खिशाचं नाही. आपली मांडव्याची बोटच बरी.

मग प्रश्न आला, मांडव्याची कोणती? तिथं तर दोन ठिकाणांहून बोटी सुटतात. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण माझी ननंद अलिबागजवळ राहते. तिचे यजमान थळच्या खत कारखान्यात आहेत. तिच्याकडे माझ्या चार फेऱ्या झाल्या, दोन एका बोटीनं, दोन दुसऱ्या बोटीनं. कुणी विचारलं तिकीट किती, कुणी विचारलं उलटी होते का, कुणी विचारलं संडासची सोय आहे का. सगळे प्रश्न बरोबरच आहेत, उत्तरं आज देणार आहे. पण आमची एक सदस्य, नर्मदेच्या काठच्या गावची, सगळ्यात शेवटी हळूच बोलली, "ताई, कोणत्या बोटीतून माणूस परत येतं, ते सांगा."

बैठकीत कुणी हसलं नाही. का हसलं नाही ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर मी शेवटी येते.

आधी गेटवेची बोट. ताजमहाल हॉटेलच्या समोर, गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून पीएनपी, मालदार, अजंठा अशा कंपन्यांच्या बोटी मांडव्याला सुटतात. त्यातल्या काही साध्या लाँच आहेत, काही कॅटमरान. कॅटमरान म्हणजे खालून दोन पोटं असलेली बोट, ती लाँचपेक्षा जोरात जाते. तासाभरात मांडवा येतं. हेच रस्त्यानं पेणवरून जायचं तर शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं आणि वाटेत गाड्यांची गर्दी. आता अटल सेतू झालाय, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्यानं वेळ वाचतो, पण त्यासाठी गाडी पाहिजे.

गेटवेच्या बोटीचा मोठा फायदा असा की तिकिटातच पुढची बसही येते. मांडव्याला उतरलं की कंपनीची बस उभी असते, ती अलिबागला सोडते. नवख्या बाईला याचं मोल फार. परक्या गावात रिक्षावाल्याशी घासाघीस नाही, रस्ता चुकायची भीती नाही. तिकीट मात्र सांभाळून ठेवायचं. बसमध्ये ते परत दाखवावं लागतं. मी पहिल्या वेळी कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी पदराखाली. शोधता शोधता बसची रांग खोळंबली.

आणि मजा? मजा गेटवेच्या बोटीतच. हिवाळ्यात पांढरे सीगल पक्षी बोटीच्या मागे मागे उडत येतात, अगदी हाताच्या अंतरावर. लोक त्यांना कुरकुरे टाकतात, तुम्ही टाकू नका, ते त्यांचं खाणं नव्हे. वारा तोंडावर, पाणी जवळ, मुंबई मागे मागे लहान होत जाते. पहिल्या फेरीत मी तासभर उभीच होते.

आता अडचण सांगते. समुद्राला भरती आणि ओहोटी असते. आपल्या तापीला, नर्मदेला पूर येतो तो ऋतूचा. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. त्यामुळे बोट कधी धक्क्याच्या पायरीला बरोबर लागते, कधी दोन पायऱ्या खाली असते. पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. बोट हलत असते आणि आपण बरोब्बर क्षण धरून पाय टाकायचा. बोटीवरचा माणूस हात देतो, तो घ्यायचा, लाजायचं नाही. माझ्याबरोबर उरलेल्या आमचूरची दहा किलोची पिशवी होती, ननंदेच्या शेजारणींनी मागवलेली. ती पिशवी आणि मी, दोघींना उतरवताना त्या दादाची दमछाक झाली. गुडघे दुखणारी बाई असेल, पोटुशी असेल, कडेवर लेकरू असेल, तर हा विचार आधी करायचा.

आणखी एक. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट या बोटी बंद असतात. तेव्हा गेटवेला जाऊन विचारत बसायचं नाही.

आता दुसरी. तिला रो-रो म्हणतात. गाड्या चाकांवर चालत आत येतात आणि चालतच बाहेर पडतात, म्हणून ते नाव. ती सुटते भाऊच्या धक्क्यावरून. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. इंग्रजांच्या काळात हा धक्का त्यांनी बांधला, म्हणून लोकांनी त्याला भाऊचं नाव दिलं. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून टॅक्सी करायची. मासळीचा बाजार शेजारीच, त्यामुळे वासाची तयारी ठेवा.

ही रो-रो १५ मार्च २०२० ला सुरू झाली आणि लगेच करोनाची टाळेबंदी लागली. मग त्याच वर्षी गणपतीच्या सुमाराला पुन्हा सुरू झाली. जहाज ग्रीसमध्ये बांधलेलं. खाली दीडशेच्या आसपास गाड्या मावतात, वर पाचशे माणसं बसतात. आमच्या म्हसावदच्या बाजारात मंगळसूत्रापासून बैलाच्या झुलीपर्यंत जेवढी दुकानं लागतात, तेवढी सगळी त्याच्या पोटात मावतील असं मला पहिल्यांदा बघून वाटलं.

रो-रोत चढताना पायरी नाही, उडी नाही. सपाट रस्ता तसाच बोटीत जातो. मागच्या पावसाळ्यात ननंदेच्या लेकराचं बारसं होतं, तेव्हा सासूबाईंना घेऊन मी याच बोटीनं गेले. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्या काठी टेकत चालत आत गेल्या आणि खुर्चीवर बसून विचारतात, "बोट केव्हा येईल?" म्हटलं आई, आपण बोटीतच आहोत. निघाल्यावरही त्यांना बराच वेळ खरं वाटेना, कारण मोठं जहाज लाटेवर कमी हलतं. संडास-बाथरूम आहे, चहा मिळतो, बसायला ऐसपैस जागा आहे. लाँचवर संडासची आशा ठेवू नका, धक्क्यावरच जाऊन या.

पावसाळ्यातही रो-रो चालते, पण हवामान बिघडलं तर तिच्याही फेऱ्या रद्द होतात. आमची परतीची फेरी उशिरा सुटली. मला राग नाही आला. समुद्र खवळलेला असताना जी बोट धक्क्यावर थांबते, ती आपलं काम बरोबर करते असं मी समजते.

आता पैशाचं. रो-रोचं साधं तिकीटही लाँचपेक्षा महाग आहे. नक्की आकडा मी सांगत नाही, कारण भाडी बदलतात आणि मग तुम्ही म्हणाल ताईनं फसवलं. तिकीट काढताना विचारा. पण एक हिशेब शिकवते, जो आपण गटात कर्जाच्या वेळी करतो. नुसता व्याजदर बघायचा नाही, एकूण किती द्यावं लागणार ते बघायचं. बोटीचंही तसंच. स्टेशनपासून धक्क्यापर्यंत किती, तिकीट किती, उतरल्यावर अलिबागपर्यंत किती, या तिन्हींची बेरीज करायची. रो-रोनं गेलो तेव्हा मांडव्याला उतरून आम्ही मिनीडोअर केली. सहाजणी असाल तर ते भाडं वाटलं जातं, एकटी असाल तर अंगावर येतं.

उलटीचं विचारणाऱ्या ताईसाठी. रिकाम्या पोटी जाऊ नका, तुडुंब खाऊनही नको. बोटीच्या मधोमध बसा, तिथं हेलकावा कमी लागतो. मोबाईलमध्ये मान घालू नका, लांब जिथं पाणी आणि आभाळ मिळतं तिथं बघा. आणि आपल्या आमचूरचा एक तुकडा गालात धरा. आमच्या बोटीत एका मुंबईच्या बाईला मी तो दिला. तिला बरं वाटलं आणि तिनं अर्धा किलो विकत घेतला. धंदा कुठंही होतो.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, तरुण बायांनी लाँच, म्हाताऱ्यांनी रो-रो, विषय संपला. पण त्या सदस्येचा प्रश्न राहिला ना. माणूस परत येतं का?

मैत्रिणींनो, ज्या भाऊच्या धक्क्यावरून आज रो-रो सुटते, तिथूनच १७ जुलै १९४७ च्या सकाळी रामदास नावाची बोट रेवसला निघाली होती. रेवस हे मांडव्याजवळचंच बंदर. अमावस्येचा दिवस, सणाला घरी जाणारी माणसं, पाऊस, वारा. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. महिन्याभरात देश स्वतंत्र झाला, ती माणसं तेवढी राहिली नाहीत. ही बोट ज्या कंपनीची होती, ती कंपनी स्वदेशीच्या विचारानं उभी राहिली होती. गोऱ्यांच्या कंपनीला तोंड देणारी, म्हणून कोकणातली माणसं तिला मायेनं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. इतकी आपली बोट. पण बोट आपली आहे की परक्याची, हे लाटेला कळत नाही.

हे जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं सांगते. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. इंजिनाची चाचणी चालली होती, ताबा सुटला. माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. त्यानंतर गेटवेच्या बोटींत प्रत्येकानं लाईफ जॅकेट घालणं सक्तीचं झालं.

मी २०२३ साली पहिल्यांदा लाँचनं गेले, तेव्हा जॅकेट अंगावर घातलं नव्हतं. आजूबाजूला कुणीच घातलं नव्हतं. साडी चुरगळेल, उकडेल, लोक हसतील, असं मनात आलं. २०२५ मध्ये त्याच मार्गानं गेले, तेव्हा अख्ख्या बोटीत नारिंगी रंग. कुणी कुणाला हसत नव्हतं. माणसं तीच, समुद्र तोच. सगळ्यांनी घालायचं ठरलं की एकटीला लाज वाटत नाही.

आता घरी येऊ. आपली नर्मदा.

सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि अक्कलकुवा, अक्राणीतली ३३ गावं बाधित झाली. जिथं पायवाटा होत्या तिथं पाणी आलं. कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता राहिला. दवाखाना बोटीनं, बाजार बोटीनं, पाहुणे बोटीनं. मुंबईवाल्याला बोट म्हणजे हौस, आपल्या बायांना बोट म्हणजे एसटी. आणि १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, भुषा पॉइंटजवळ बोट उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. लेकरंही गेली. प्रश्न विचारणारी आमची सदस्य त्या दिवसापासून पाण्याकडे पाठ करून बसते. बैठकीला यायला तिला बोटीनं थोडा वेळ लागतो, ती डोंगर चढून अर्धा दिवस चालत येते.

मला एक गोष्ट आज कबूल करायची आहे. मी गटांच्या भेटीला नर्मदेच्या काठी जाते. एकदा परत येताना बोट भरली होती. काठावर अजून माणसं उभी, दोन पोती, एक बकरी. सगळ्यांना घेतलं. बोटीचा काठ पाण्यापासून वीतभर राहिला. मला दिसत होतं. मी मीटिंगमध्ये दोनशे बायांपुढं बोलणारी बाई, त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. वाटलं, बोटवाला काय म्हणेल, शहाणी आली मोठी. मागे राहिलेली माणसं काय म्हणतील. मी गप्प बसले आणि वाटभर देवाचं नाव घेतलं. पोचलो, ते नशिबानं. त्यात माझं शहाणपण काहीच नव्हतं.

मांडव्याच्या चार फेऱ्यांत मी शिकले ते हे. तिथं बोटीवर किती माणसं घ्यायची हा आकडा ठरलेला असतो. तो संपला की दार बंद. मंत्री असो की कोळीण, पुढच्या फेरीला या म्हणतात. कुणी भांडत नाही, कारण पुढची फेरी आहे. आपल्याकडे पुढची फेरी नसते, म्हणून माणसं लोंबकळतात. बोटवाला दुष्ट नसतो. मागे राहिलेल्या म्हातारीला तोच घरी नेणारा असतो. पण फेऱ्या कमी आणि माणसं जास्त, ही गोष्ट त्यानं एकट्यानं सोसायची नाही. ग्रामसभेत मांडायची, लेखी द्यायची. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणं यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते. आपल्या बोटीची झाली आहे का, हे विचारायचा हक्क त्या बोटीत बसणाऱ्या प्रत्येक बाईला आहे.

मागच्या फेरीला मी विचारलं. घाबरत विचारलं. "दादा, जॅकेटं आहेत का?" तो म्हणाला, "आहेत ना ताई, घरी ठेवलीत. इथं ठेवली तर खराब होतात." मी म्हटलं, दादा, घरी कोण बुडणार आहे? आधी तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला, मग सगळी बोट हसली. पुढच्या वेळी गेले तेव्हा जॅकेटं बोटीत होती. दोनाचे बंद उंदरांनी कुरतडलेले. आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं जाड पट्टी लावून ते शिवले, पण शिवलेल्यावर पूर्ण भरवसा नको. नवी घ्यायला गटाच्या निधीतून पैसे काढायचा ठराव आम्ही केला आहे. लहान मुलांच्या मापाची आधी, कारण मोठ्याचं जॅकेट लेकराच्या डोक्यावरून निसटून जातं.

तर आता उत्तर. गेटवेची की भाऊच्या धक्क्याची? स्वस्त पाहिजे, वारा पाहिजे, पाय घट्ट आहेत, तर गेटवेची. सोबत म्हातारी आहे, लेकरू आहे, ओझं आहे, तर रो-रो. पण दोन्हीकडे आणि आपल्या नर्मदेवरही चढण्याआधी काही गोष्टी बघा. किती माणसं घ्यायची परवानगी आहे? माझ्या हाताला जॅकेट पोचतं का, आणि बंद बांधून बघितला का? आज वारा कसा आहे, चालवणारा शुद्धीवर आहे का? फोटोसाठी सगळ्याजणी एका बाजूला उभ्या राहू नका, बोट त्यानं कलते. आणि मन म्हणालं की भरली आहे, तर उतरा. उतरून काठावर उभं राहण्यात कमीपणा नाही.

सहलीचं असं ठरलंय. जाताना गेटवेहून, येताना रो-रोनं, म्हणजे दोन्ही बघून होतील. नावं लिहायला घेतली, तेव्हा ती सदस्य सगळ्यात शेवटी उठली. म्हणाली, "ताई, माझं नाव लिहा. पण बोटीत तुमच्या शेजारी बसेन, आणि आधी जॅकेट बघेन." मी लिहिलं. अठरावं नाव तिचं आहे.

मी तिला नक्की परत आणते असं म्हटलं नाही. पाण्याचा शब्द माणसानं देऊ नये. एवढंच म्हटलं की आपण दोघी मिळून मोजू.

बरं, वेळ झाली. मिरच्या आत घ्या, ऊन उतरलं. नमस्कार.